पालथ्या फ्लॉवरपॉटवर पाणी

नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की पहिली खबर बिल्डरला लागते, दुसरी टेम्पोवाल्याला आणि तिसरी मला. माळे रिकामे होतात. तांब्याचा बंब भंगारात जातो, लोणच्याच्या बरण्या कामाच्या मावशी घेऊन जातात आणि शोकेसमधला फ्लॉवरपॉट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दारात येतो. आणणारा चप्पल काढता काढताच सांगतो, "काका, दीडशे वर्षांचा आहे. आमच्या पणजोबांना साहेबाने दिलेला."

कुठल्या साहेबाने, ते विचारायचं नसतं. ठाण्यात ज्याला त्याला एक पणजोबा होते, पणजोबांना एक साहेब होता आणि त्या साहेबाला विलायतेला जाताना फ्लॉवरपॉट जड होत होता.

माझं काम एवढंच की तो पालथा करायचा. फुलदाणीची कुंडली बुडाशी असते. वरचे गुलाब, मोर आणि सोनेरी वेल हे लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोसारखे. मात्र पालथी करण्याआधी ती रिकामी करावी लागते. आतून प्लास्टिकची फुलं, तीन बॉलपेनं, एक बंद घड्याळ, रबरबँड आणि ज्या कुलपाचा पत्ता नाही अशी किल्ली निघते. मग टेबलावर घडी घातलेला पंचा अंथरायचा, एक हात बुडाखाली आणि दुसरा पोटाला. कानाला धरून कधीच उचलायची नाही. मुलांप्रमाणे फुलदाण्यांचेही कान धरण्यासाठी नसतात. निम्म्या वेळा ते आधी तुटून चिकटवलेले असतात आणि कान हातात, बाकीची फरशीवर अशी वाटणी होते.

काचेची असेल तर आधी बेंबी शोधायची. हाताने फुंकलेली काच शेवटच्या टप्प्यात एका लोखंडी सळईच्या टोकावर धरतात आणि काम झालं की तोडून घेतात. तोडलेल्या जागी बुडाच्या मध्यभागी खरखरीत वण राहतो. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत करतात, मग तिथे बशीसारखा उथळ, चकचकीत खळगा दिसतो. वण नाही, खळगा नाही आणि अंगावर साच्याची रेघ थेट ओठापर्यंत गेलेली असेल, तर माल यंत्रावरचा. यालाही अपवाद आहेत, कारण साच्यात फुंकलेल्या काचेलाही रेघ येते आणि ओठ पुन्हा आगीत धरला की ती वितळून जाते. म्हणून नुसत्या बेंबीवरून लग्न जमवू नये.

त्यानंतर बुडाच्या कडेवरचे ओरखडे. यासाठी घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहापट भिंग लागतं. पन्नास-साठ वर्षं फडताळात सरकवलेल्या काचेवर ओरखडे वाटेल त्या दिशेने जातात, काही खोल, काही जेमतेम. सगळे एकाच दिशेने, शिस्तीत कवायत करत असतील तर वय सँडपेपरने आलेलं आहे. सोनेरी मुलाम्याचंही तसंच. जिथे हात लागतो तिथे, म्हणजे कानावर आणि काठावर, तो आधी झिजतो. जिथे कोणाचा हात पोचणार नाही अशा खाचेतलं सोनं उडालेलं आणि काठ मात्र झगझगीत असेल तर ते म्हातारपण नाटकातलं. भिंग हातात आहेच, तर फुलंही पाहून घ्यावीत. पाकळीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील. रंगाचा थर कमीजास्त आणि कुंचल्याची ओढ दिसली तर हाताची.

चिनी मातीकडे वळलं की गोंधळ वाढतो, कारण आपल्याकडे पांढरं आणि फुटणारं ते सगळं चिनी माती. ओपल काचेचा डिनर सेटसुद्धा. मोबाईलचा टॉर्च आत सोडला आणि भिंतीतून उजेड झिरपला तर ती पोर्सिलेन, म्हणजे खरी चिनी माती, असू शकते, पण उजेड ओपल काचेतूनही येतो. फरक पायाशी कळतो. पोर्सिलेन ज्या कडेवर भट्टीत उभी राहते तिथे बहुधा झिलई नसते, नखाला बारीक रवाळपणा लागतो. ओपल काच पायापर्यंत सारखीच तुकतुकीत. उलट जाड पोर्सिलेनमधून उजेड अजिबात येत नाही, तेव्हा अंधार दिसला म्हणून लगेच हलकी माती ठरवू नये.

मग जिभेची परीक्षा. झिलई नसलेली ती कड जिभेला लावायची. साधी, कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र असते, ओलावा ओढून जिभेला चिकटते. तेराशे-चौदाशे अंशांवर काचेसारखी घट्ट झालेली पोर्सिलेन चिकटत नाही. परीक्षा बिनखर्चाची आहे, पण तिची सामाजिक किंमत मोठी. यजमान चहा घेऊन येत असताना त्यांचा फ्लॉवरपॉट चाटणारा पाहुणा पुन्हा बोलावला जात नाही.

खरी मारामारी शिक्क्यावरून होते. बुडावर इंग्रजीत 'रॉयल बायरॉइट' आणि खाली १७९४ दिसलं की आणणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्याला सांगावं लागतं की ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. मिठाईच्या डब्यावर दुकानाचं स्थापना वर्ष असतं, म्हणून आतला पेढा तेव्हाचा होतो का? चिनी राजांच्या नावाचे शिक्के तर याहून बेरकी. कांगशी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२, पण त्याच्या नावाचा शिक्का एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडलेल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरही सर्रास सापडतो. फसवण्यासाठीच असं नाही; थोरांचं नाव लावायची हौस. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या शिक्क्यातल्या दोन निळ्या तलवारींची नक्कल इतक्यांनी केली की तलवारी दिसल्या की मी आधी म्यानच शोधतो.

भरवशाचा असतो तो देशाचा शब्द. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं पुढच्या वर्षापासून सक्तीचं झालं. जपान्यांनी आपल्या देशाचं जपानी नाव 'निप्पॉन' लिहिलं. १९२१ मध्ये अमेरिकन कस्टमला साक्षात्कार झाला की हा शब्द इंग्रजी नव्हे, आणि पुढे 'जपान' आलं. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा माल. 'चेकोस्लोव्हाकिया' १९१८ आधी असूच शकत नाही. 'वेस्ट जर्मनी' १९४९ ते १९९०. मात्र अमेरिकेऐवजी मुंबई बंदरात उतरलेल्या भांड्याच्या बुडावर काहीच नसू शकतं, आणि 'निप्पॉन'चे खोटे शिक्केही बाजारात आहेत. आजी "जर्मनचं आहे" म्हणायची एवढ्यावर तर मुळीच जाऊ नये. आपल्या आज्यांच्या भाषेत जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं.

काचेला शिक्का क्वचितच असतो. तिचं आधारकार्ड म्हणजे कागदी लेबल, विशेषतः व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेचं. आणि ते वहिनींनी "किती दिवस तसंच चिकटून होतं मेलं" म्हणत नेलपॉलिश रिमूव्हरने स्वच्छ काढलेलं असतं.

हिरवी-पिवळी काच आली तर अतिनील टॉर्च काढायचा. युरेनियम मिसळलेली काच त्यात झगझगीत हिरवी पेटते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. ३९५ चा स्वस्त मिळतो, पण स्वतःच एवढा जांभळा उजेड पाडतो की कोण चमकतंय ते कळत नाही. मॅंगनीजची काचही मंद हिरवट दिसते, तेव्हा 'पेटली' आणि 'मिणमिणली' यांत भेद करावा. काळोख हवा म्हणून हे सगळं बाथरूममध्ये चालतं. तिथे वाळत घातलेला बनियन निळापांढरा उजळून निघतो, कारण साबणाच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. मंडळी बनियनकडेच पाहत राहतात. फुलदाणी खरोखर पेटलीच, तर "घरात अणुभट्टी!" म्हणून ती माझ्याकडेच ठेवून जायला निघतात. शोकेसमध्ये ठेवायला तिच्यात काही धोका नाही, फक्त तिच्यातून सरबत पिऊ नये. याच टॉर्चखाली जुना डिंक आणि वरून मारलेला रंगही बऱ्याचदा वेगळा दिसतो. अखंड वारसा तीन तुकड्यांत असल्याचं तेव्हा कळतं.

धुण्याबद्दल थोडकंच. घोडबंदरकडे टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, त्यामुळे काचेला आतून पांढरा पापुद्रा येतो. पांढरं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवावं. सकाळी मूठभर कच्चे तांदूळ, थोडं कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून गोल फिरवावं. क्षार असेल तर जातो. तरीही धुकं राहिलं तर ते काचेचं दुखणं, घासून बरं होत नाही. आणि कृपा करून संडासाचं ॲसिड वापरू नका. क्षारासोबत सोनेरी वेलही जाते, मग तो हिरव्या रंगाचा साधा गडू उरतो. थंड जाड काचेत उकळतं पाणी ओतणाऱ्यांनी झाडू आधीच हाताशी ठेवावा.

एवढं करून निकाल सांगावा, तर पालथ्या घड्यावर पाणी. परवाच्या त्या दीडशे वर्षांच्या फ्लॉवरपॉटच्या बुडावर साच्यातूनच उमटलेलं आहे: 'डब्ल्यू. जर्मनी', म्हणजे वेस्ट जर्मनी, खाली ५१७-३०. पहिला आकडा घडणीच्या नमुन्याचा, दुसरा सेंटिमीटरमधल्या उंचीचा. मी टेप लावून दाखवतो, बरोबर तीस. "पण काका, साहेबाने…" गृहस्थ दुखावून फ्लॉवरपॉट गुंडाळतात. बहुधा त्याच वर्तमानपत्रात.

असे गृहस्थ परत येतातच. मुलगा न्यू जर्सीहून आलेला असतो, त्याला आठवण म्हणून फ्लॉवरपॉट न्यायचा असतो आणि कोणीतरी त्याला १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून दाखवलेला असतो: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला घ्यावा.

"काका, तुम्ही म्हणाला होतात ना, साठच वर्षांचा असेल म्हणून? जरा लिहून द्याल?"

मी पंचा अंथरतो, फ्लॉवरपॉट पालथा करतो, टेप लावतो. अजूनही तीसच. दाखला खात्याचा लागतो, माझा नव्हे, हे सांगून कागदावर आकडे उतरवून देतो.

"आणि साहेबाचं काय सांगू?"

"तेवढा साहेब इथेच ठेवून जा."