छंद : वाचन (सध्या बंद)

डिसेंबरातल्या एका सोमवारी प्राचार्य स्टाफरूमच्या दारात मोबाइल उंच धरून उभे राहिले, तेव्हाच मी वही तपासायचं सोडून बाथरूमला जायला हवं होतं. कनिष्ठ महाविद्यालयात मराठीच्या शिक्षिकेवर सगळं येतं. सूत्रसंचालन, फळ्यावरचा सुविचार, श्रद्धांजलीचे चार शब्द, पाहुण्यांच्या शालीचा रंग. फिजिक्सच्या सरांना कुणी शाल निवडायला सांगत नाही.

मोबाइलवर न्यू जर्सीतली एक मुलगी चौकोनी टोपी घालून हसत होती. सरांच्या भाचीची मुलगी. "तिकडे बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचं पुस्तक निघतं मॅडम. इयरबुक. प्रत्येकाचा फोटो, त्याखाली शाळेत काय काय केलं, छंद काय, पुढे काय करणार. आपणही काढू. निरोप समारंभाच्या आत."

'आपण' हा शब्द सर नेहमी माझ्याकडे बघून उच्चारतात.

प्रेसवाल्यानं फोटोंचा खर्च सांगितल्यावर फोटो गळले. मग रंगीत कव्हर गळलं. उरला मजकूर; त्याला खर्च नव्हता, कारण तो मी गोळा करणार होते. विज्ञान शाखेची 112 मुलं. मी फॉर्म तयार केला. रकाने चार : नाव, सहभाग घेतलेले उपक्रम, छंद, भावी योजना. वाटलं, दोन दिवसांचं काम.

आठवड्याभरात 71 फॉर्म आले. त्यातल्या 44 जणांचा छंद 'वाचन' होता. मराठीची शिक्षिका म्हणून माझा ऊर भरून यायला हरकत नव्हती. पण आमच्या ग्रंथालयातल्या कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाची बिजागरी उघडताना किंचाळते, आणि ती किंचाळी मी वर्षातून एकदाच ऐकते, तपासणी असते तेव्हा.

उरलेल्यांचे छंद कंसात होते. 'क्रिकेट (सध्या बंद)'. 'बासरी (निकालानंतर सुरू)'. 'गाणे (आई घरी नसताना)'. एकानं तर 'वाचन (सध्या बंद)' असं लिहिलं होतं. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर आणि ह्याचं वाचन बंद! मी बोलावून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अवांतर."

रोल नंबर 63 चा फॉर्म मी दोनदा वाचला. 'चित्रकला (दहावीपर्यंत)'. हा मुलगा अकरावीत बाकावर माझं चित्र काढताना सापडला होता. चित्र इतकं हुबेहूब होतं की मी ओरडायच्या आधी माझे केस एवढे पांढरे झालेत का, हेच बघत राहिले. "सोडलीस का रे चित्रकला?" तर म्हणे, "इंटरमिजिएटला ए ग्रेड होती मॅडम. दहावीला 7 मार्क वाढले. आता काढून काय वाढणार?" मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते रात्री दोन वाजता, आणि तेही धड नव्हतं.

उपक्रमांचा रकाना मी उघडायलाच नको होता. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मुलांनी गावच्या ओढ्याचं सर्वेक्षण केलं होतं. 38 जणांनी. सगळ्यांना ओढ्यावर नेमके 14 जातींचे पक्षी दिसले, आणि त्यांत फ्लेमिंगोही होता. आमच्या ओढ्यावर कावळाही नाक धरून बसतो.

भावी योजनांच्या रकान्यात अक्षर बदलायचं. वरचे तीन रकाने मुलाच्या निळ्या जेलपेननं, चौथा वडिलांच्या काळ्या बॉलपेननं, कागद मागून उठेल इतका दाबून : 'डॉक्टर'. एकदोघांनी 'एमबीबीएस' लिहून खाली सहीही केली होती. मुलांनी स्वतः लिहिलेल्या योजना जरा सैल होत्या. 'आधी सीईटी, मग नीट, मग बघू.' 'निकालावर अवलंबून.' 'घरी विचारून सांगतो.' आमच्याकडे बरीच मुलं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन बसतात. आभाळ आलं की छत्रीही घ्यायची आणि रेनकोटही घालायचा, तसं. त्यांच्या योजनाही तशाच. 'डॉक्टर / इंजिनिअर / कलेक्टर'. ह्या तिरक्या रेघांमध्ये एखादं घराणं बसेल.

राहिली 41. त्यांतली 22 नुसती आळशी होती. शिपाईमामांना दोन दिवस वर्गाच्या दारात उभं केलं, काम झालं. खरी गंमत उरलेल्या 19 जणांची. ती हजेरीपटावर आमच्याकडे आणि अंगानं लातूरला. लातूर पॅटर्नचं नाव मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतेय, पण त्यानं माझ्या फॉर्मलाही गाठावं? मी घरी फोन लावले. एका आईनं हळू आवाजात विचारलं, "मॅडम, छंद लिहायलाच पाहिजे का?"

"लिहा की. काय हरकत आहे?"

"नाही, सोडलेत त्यानं सगळे. आता छापून आलं आणि त्याला आठवलं तर?"

मी त्याच्यापुढे 'वाचन' लिहिलं.

रोल नंबर 12 चा फॉर्म मात्र वेगळा निघाला. छंद : धावणे. कंस नाही. भावी योजना : पोलिस भरती. अक्षर तिचंच. ही वर्गात कधी तोंड उघडत नाही, म्हणून मी तिला ओळखते असं मला वाटायचं. जानेवारीत एकदा पहाटे मी कारखान्याच्या रस्त्याला फिरायला गेले. गाळपाचे दिवस, उसाच्या ट्रॉल्या लायनीत उभ्या. समोरून स्कूटीचा दिवा येत होता आणि त्या दिव्याच्या पुढे वेणी उडत होती. मागे स्कूटीवर आई, डोक्याला स्कार्फ, अंगात नवऱ्याचा स्वेटर. मला बघून ब्रेक लावून म्हणाली, "बरं झालं मॅडम. जरा घड्याळ लावता का? माझा एक हात रेसवर असतो, एका हातानं मोबाइल धरावा तर मागच्या आठवड्यात ट्रॉलीखालीच जात होते."

मारुतीच्या देवळापासून वजनकाट्यापर्यंत 800 मीटर भरतात. मी वजनकाट्याशी उभी राहिले. पोरगी आली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि धापा टाकत पहिलं वाक्य बोलली, "किती?"

"3 मिनिटं 4 सेकंद."

"तुम्ही बटण उशिरा दाबलं मॅडम." दोन वर्षांत तिनं माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. आई म्हणाली, "उंची 155 लागते. हिची 156 भरली. एक सेंटिमीटर शिलकीत आहे." आणि सोसायटीत ठेव असल्यासारखी समाधानानं हसली.

मग आला रोल नंबर 47. बारावीच्या मराठीत उपयोजित भागाला 'मुलाखत' आहे. तोंडी परीक्षेच्या सरावात मी मुलाखतीच घ्यायच्या ठरवल्या. अभ्यासाचा अभ्यास, फॉर्मचा फॉर्म.

"छंद कोणता?"

"वाचन."

"हल्ली काय वाचलंस?"

"तुम्ही शिकवलेले धडे मॅडम." हा मुलगा राजकारणात नाव काढेल.

"बरं, आणि संध्याकाळी काय करतोस?"

"बैल पोहायला नेतो नदीवर."

मला वाटलं, हा उदाहरण देतोय. नव्हता देत. घरी शर्यतीचा खिलार खोंड होता, नाव सर्जा. आणि जो मुलगा दोन मार्कांच्या प्रश्नाला दीड ओळ लिहितो, तो पुढची पंचवीस मिनिटं बोलत होता. दात न लावलेला खोंड म्हणजे आदत, दोन दात आले की दुसा, चार दात आले की चौसा. मैदानात आधी गट पास व्हायचा, मग सेमी, मग फायनल. पोहल्यानं दम वाढतो. मैदानाआधी बैलाला काय खायला घालायचं, हे सांगताना त्यानं आवाज इतका खाली आणला की जणू मी शेजारच्या गावातून हेरगिरीला आले होते. "2014 ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. 2021 च्या डिसेंबरात परत चालू झाल्या, त्या दिवशी आज्ज्यानं गावात पेढे वाटले. मग 2023 च्या मे महिन्यात पक्का निकाल लागला. पाच न्यायाधीश होते मॅडम." ह्याच मुलानं पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर स्वतःची जन्मतारीख चुकीची लिहिली होती.

"मग छंद म्हणून हेच लिहू या की."

तो एकदम दचकला. "नको मॅडम. पुस्तकात बैल? बरं दिसत नाही. वाचनच असू दे."

त्याची पाठ वळल्यावर मी 'वाचन' खोडलं आणि लिहिलं : 'खिलार खोंड (आदत) सांभाळणे, बैलगाडी शर्यत'. 112 फॉर्ममधला हा एकमेव कंस होता, ज्यात काहीतरी चालू होतं.

फॉर्म क्लार्ककडे दिले. त्यानं सगळे रोल नंबरानं एक्सेलमध्ये भरले. मग सरांना वाटलं, अमेरिकेत नावं अक्षरांच्या क्रमानं असतात. क्लार्कनं नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावला. फक्त नावांचा. बाकीचे तीन रकाने जिथल्या तिथे. एक्सेलनं मध्ये काहीतरी विचारलं होतं म्हणे. "ते डबडं सारखंच येतं मॅडम, मी 'कंटिन्यू' निवडतो."

प्रूफ आलं रात्री अकराला, व्हॉट्सॲपवर. मी तपासलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत तेल घालून तपासलं. 11 ठिकाणी 'क्रिडा'चं 'क्रीडा' केलं. 'चित्रपट पहाणे'चं 'पाहणे' केलं. 'भावि'ची वेलांटी फिरवली. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक राहू दिली नाही. कुणाचा छंद कुणाच्या नावापुढे आहे, हा प्रश्न शुद्धलेखनात येत नाही.

निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी गठ्ठे आले. प्लास्टिकच्या खुर्च्या, गजरे, पहिल्यांदाच साडी नेसलेल्या आणि दर तीन पावलांनी थांबणाऱ्या मुली, काकाचा कोट घातलेली मुलं. पुस्तिका वाटल्या गेल्या आणि मी पान 7 उघडलं. कानशिलं गरम झाली. अख्खं पुस्तक एकमेकांच्या अंगात शिरलं होतं.

आता गदारोळ होणार म्हणून मी मागच्या दाराजवळची खुर्ची धरली. दहा मिनिटं झाली. भेळ आली. आइस्क्रीम आलं. काहीच झालं नाही! हळूहळू माझ्या लक्षात आलं, एकाचं 'वाचन, डॉक्टर' दुसऱ्याला गेलं होतं आणि दुसऱ्याचं 'वाचन, डॉक्टर' तिसऱ्याला. पत्ते पिसले, पण सगळे बदामाचे. चुका दिसाव्यात अशी माणसं जेमतेम दहा होती.

त्यांतही तक्रारी फार नाहीत. धावणे आणि पोलिस भरती ज्याच्या वाट्याला आली, तो रोज तिसऱ्या तासाला उगवणारा मुलगा. मित्रांनी त्याला तिथेच कडक सॅल्यूट ठोकला. रोल नंबर 12 च्या नावापुढे 'वाचन, डॉक्टर' आलं. आई दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाली, "शेजारणीला दाखवलं मी. राहू दे की, कुठं पैसे पडतात." पोरगी 3 मिनिटांच्या आत आली होती, तेवढं महत्त्वाचं. ह्या वेळी मी बटण वेळेवर दाबलं होतं.

बैल मात्र गेला तो थेट बँकेच्या मॅनेजरांच्या मुलीकडे. ती लातूरच्या 19 जणांतली, निरोपासाठी एक दिवस आलेली. मॅनेजरसाहेबांचा फोन संध्याकाळी आलाच. "मॅडम, मुलीच्या नावापुढे खोंड छापलाय तुम्ही. नातेवाइकांत पुस्तिका गेलीय." मी माफी मागितली, दुरुस्ती देते म्हटलं. मागून मुलीचा आवाज आला, "पप्पा, विचारा ना, शर्यत कधी असते?" त्यांनी फोनवर हात ठेवला. मग म्हणाले, "दुरुस्तीचं... जाऊ दे तूर्तास."

रोल नंबर 47 च्या वाट्याला 'मेंदी व केक बनवणे, बी.एस्सी. नर्सिंग' आलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुस्तिका घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. मी त्याला बोलूच दिलं नाही. चूक झाली, क्लार्कची झाली, माझी झाली, तुला न विचारता मी बैल घातला तीही माझीच, शुद्धिपत्रक काढते, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मेंदीचं काय नाही मॅडम, बहीण खूश आहे. खोंड दुसऱ्याच्या नावावर गेला तेपण असू दे, कागदावरच गेलाय." त्यानं पान 7 वर बोट ठेवलं. "पण हे आदत चुकलंय. परवा दात पडले. सर्जा आता दुसा झालाय. कुणी मैदानवाल्यानं वाचलं, तर म्हणेल वय लपवलं."

शुद्धिपत्रक निघालं. पोस्टकार्डाएवढं, एका ओळीचं : 'पान 7, ओळ 4 : आदत ऐवजी दुसा असे वाचावे.'

सरांनी सहीसाठी पेन काढलं आणि चष्म्यावरून बघितलं. "दुसा म्हणजे?"

"दातांसंबंधी आहे सर."

"मेडिकलचं ना? छान," म्हणत त्यांनी सही केली.