‘विश्वसनीय सूत्रं’ म्हणजे आमचा पिंट्या

सकाळी शाळेच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. ‘सीरियाचं युद्ध अमेरिकेनंच पेटवलं, स्ट्रॅटफोरच्या ईमेलमध्ये पुरावा!’ खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

स्ट्रॅटफोर ही टेक्सासमधल्या ऑस्टिनची खासगी कंपनी. जगभरच्या भानगडींचा वास घ्यायचा आणि तो बड्या गिऱ्हाइकांना विकायचा, हा धंदा. २०११च्या डिसेंबरात तिचे सर्व्हर फोडले गेले, २०१२पासून गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्सनं तिचे मेल बाहेर काढले. त्यातला हा एक. कंपनीतलंच कुणीतरी लिहितंय, पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी मुख्यालयात, काही अधिकाऱ्यांशी गप्पा झाल्या, परदेशी कमांडो सीरियात पोचून बंडखोरांना शिकवतायत असं ते न बोलता बोलले. न बोलता! याला पुरावा म्हणायचं?

मी हे काम केलंय, म्हणून चिडतोय. २०११ साली पुण्यात एका कन्सल्टन्सीत होतो. ओमानमध्ये सोहारला निदर्शनं पेटली, गिऱ्हाइकाला रिपोर्ट हवा. साहेब म्हणाले, “तिथलं कोणी ओळखीचं?” होता ना, मामेभाऊ पिंट्या, मस्कतला एसी दुरुस्त करायचा. “काय रे, गडबड आहे का?” “आपल्याकडं तर काय दिसंना.” रिपोर्टात छापलं, ‘विश्वसनीय स्थानिक सूत्रांनुसार राजधानीत परिस्थिती नियंत्रणात.’ बिल किती लावलं ते सांगत नाही, लाज वाटते.

मान्य, पुढे सीआयएनं बंडखोरांना खरंच शस्त्रं पुरवली. पण २०११च्या सुरुवातीला सीरियातल्या दरा शहरातल्या पोरांनी भिंतीवर तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष असदविरोधात लिहिलं ते ऑस्टिनला विचारून नव्हे. पोरांना उचललं, मारलं, म्हणून माणसं रस्त्यावर आली. ‘सगळं आधीच ठरलेलं’ म्हटलं की त्या बापांचा राग कुठे जातो?

आणि ग्रुपवरच्या एकालाही माहीत नाही की ह्याच मेलांत भोपाळ होतं. वायुपीडितांसाठी भांडणाऱ्यांच्या हालचाली हीच कंपनी डाऊ केमिकलला, म्हणजे युनियन कार्बाइड विकत घेणाऱ्या कंपनीला, कळवत होती. ते नाही फॉरवर्ड करणार. त्यात मसाला नाही ना.

सर्व्हर फोडणाऱ्या जेरेमी हॅमंडला २०१३मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. धंदा चालू राहिला.

जाऊ दे. मीही त्याच धंद्याचं मीठ खाल्लंय. मघाशी पिंट्याला फोन लावला, तो मस्कतचा कॉल आठवतो का विचारलं. म्हणाला, “कुठला रे? तू तर तेव्हा आत्याच्या गुडघ्याचं विचारायला फोन केलेलास.”