धूर नुसता चंद्रपूरला हलवला? हिशेब तसा नाही

'विजेवरची रेल्वे म्हणजे निव्वळ धूळफेक. इंजिनातला धूर काढला आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीत घातला. वीज कोळशाचीच, मग डिझेलनं काय घोडं मारलं होतं? शिवाय वीज गेली की गाडी जागच्या जागी. सगळा खेळ कंत्राटदारांसाठी.' अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतो आहे. रोख भाजपच्या विद्युतीकरणाच्या धोरणावर आहे. पक्षानं २०१९च्या संकल्पपत्रात २०२२ पर्यंत सगळे रेल्वेमार्ग विजेवर आणण्याची भाषा केली होती. पुढे रेल्वेनं २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढण्याचं, उद्दिष्ट जाहीर केलं. पक्ष कुणाला आवडो न आवडो, या मजकुरातले मुद्दे तपासायलाच हवेत.

'वीज कोळशाचीच' हा त्यातला सर्वात वजनदार मुद्दा. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते, हे खरं. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गाडी ओढायला तीन-साडेतीन युनिटएवढी ऊर्जा मिळते. म्हणजे युनिटमागे पाऊण किलोच्या वर. ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातल्या, विजेचा सरासरी आकडा सुमारे ०.७ किलो आहे. त्यात तारांमधली आणि इंजिनातली गळती धरली की नुसत्या ओढण्यापुरतं दोन्ही जवळपास सारखंच पडतं. विद्युतीकरण झालं की लगेच प्रदूषण संपलं, असं जे सरकारी जाहिरातींतून भासवलं जातं, ते म्हणूनच मान्य करता येत नाही.

पण हिशेब इथे थांबत नाही. कर्जत ते लोणावळा हा घाट बघा. चढ ३७ला १ असा, म्हणून वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावावी लागतात. उतरणारी गाडी ब्रेक लावते तेव्हा आजच्या थ्री-फेज इंजिनातल्या मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि वीज पुन्हा ओव्हरहेड वायरमध्ये सोडतात. तीच वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. मुंबईच्या लोकलमध्येही दर स्टेशनाला ब्रेक लागला की हेच होतं. डिझेल इंजिनात मोटारींनी ब्रेक लावला तरी ती ऊर्जा छतावरच्या रोधकांत तापून हवेत जाते. शिवाय शेडमध्ये, सायडिंगला उभं असतानाही ते तासन् तास धडधडत डिझेल पीत राहतं. हे सगळं धरलं की पारडं आजच विजेकडे झुकतं.

आणि इंजिन एकदा घेतलं की तीस-पस्तीस वर्षं चालतं. आज घेतलेलं डिझेल इंजिन २०५० सालीही लिटरमागे तेवढाच धूर सोडणार. विजेच्या इंजिनाला मात्र हात न लावता ग्रिड बदलेल तसा त्याचा आकडा खाली येतो. २०२५च्या मध्यापर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल यांच्या बाहेरचा झाला आहे. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे, रात्री सूर्य नसतो, हेही लक्षात ठेवू. पण दिशा तीच आहे.

चंद्रपूरचं नाव पुढे करणाऱ्यांना माझा कळकळीचा प्रश्न आहे. चंद्रपूरच्या लोकांची इतकी काळजी असेल, तर सल्फरच्या, म्हणजे गंधकाच्या, धुराबद्दल गप्प का? औष्णिक केंद्रांनी गंधक रोखणारी यंत्रणा बसवावी म्हणून २०१५ मध्ये मानकं आली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. रेल्वेला देशाच्या एकूण विजेतली दोनेक टक्केच लागते. गाड्या पुन्हा डिझेलवर नेल्या तरी २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर केंद्र बंद पडणार नाही. तिथल्या माणसांची लढाई त्या चिमण्यांशी आहे, इंजिनाच्या छतावरून तारेची वीज घेणाऱ्या पँटोग्राफशी नाही.

'वीज गेली की गाडी बंद' याचं उत्तर छोटं आहे. रेल्वेची सबस्टेशनं घरगुती फीडरवर नसतात, ती उच्चदाबाच्या वाहिन्यांना जोडलेली असतात. एक बंद पडलं तर शेजारच्या सबस्टेशनवरून पुरवठा वाढवता येतो. चक्रीवादळात तारा तुटतात, हे खरं, आणि म्हणूनच काही डिझेल इंजिनं राखीव ठेवावीच लागतात.

कंत्राटदारांचा आरोप मला सरसकट पटत नाही. मुंबईतली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला कुर्ल्यापर्यंत धावली आणि तेव्हापासून हे काम चालू आहे. पण एक गोष्ट टीकाकारांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे: याच सरकारनं २०१५ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीशी १,००० नव्या डिझेल इंजिनांचा आणि त्यासाठी बिहारमधल्या मढौऱ्यात कारखाना उभारण्याचा करार केला. एकीकडे तारा आणि दुसरीकडे नवी डिझेल इंजिनं, या विसंगतीचा जाब विचारायलाच हवा.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र या मजकुरात येतच नाही, ती म्हणजे ट्रक. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण रबरी टायरच्या मानानं अगदीच कमी असतं, म्हणून तोच टन माल रेल्वेनं नेला तर इंधन कितीतरी कमी लागतं. १९५१ मध्ये देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वेनं जायचा. आज तो वाटा ३० टक्क्यांच्याही खाली आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेनं २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं आहे. त्यासाठीच दिल्लीजवळचं दादरी ते नवी मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर या फक्त मालगाड्यांसाठीच्या मार्गावर तारा मुद्दाम उंच घेतल्या, म्हणजे कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेच्या इंजिनानं ओढता येतात. पण हा मार्ग जिथं संपतो तो वैतरणा–जेएनपीटी टप्पाच सर्वात मागे रखडला.

म्हणून सरकारला धारेवर धरायचंच असेल तर त्याच्याच आश्वासनांवर धरा. २०२२ची मुदत हुकली, शंभर टक्क्यांच्या जवळ जायला २०२५ उजाडलं, ते का? निव्वळ शून्य म्हणताना रात्रीच्या मालगाडीची वीज कुठून येते, हे रेल्वे दरवर्षी जाहीर करणार का? आणि ४५ टक्क्यांचं गणित ट्रकवाल्यांचा माल रुळावर आणल्याशिवाय जमणार कसं?