काकांची खोली आणि चोवीस श्रोते

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर काकांनी विटेच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची खोली बांधली. निवांत गायला. खाली काकू साक्षात ग्वाल्हेर घराण्यालाही "हळू जरा!" म्हणून टोकते. खालच्या मीटरची तारही वर न्यायची नाही, हे काकांचं तत्त्व. म्हणून सोलर आणि बॅटरी. पौषातला कोहरा उतरला आणि तंबोऱ्यावर बोटं वळेनात. "तू इंजिनिअर ना? हीटर किती वॅटचा लागेल सांग." मी सॉफ्टवेअरचा, पण आमच्याकडे हा फरक कुणी मानत नाही.

बसलो हिशेबाला. खोली दहा बाय दहा, उंचीही दहा फूट. बाहेर ५ अंश. काकांना आत २० हवेत. विटेच्या नऊ इंची भिंतीतून दर चौरस मीटरला, अंशागणिक साधारण २ वॅट निसटतात, पत्र्यातून ७. म्हणजे भिंती आणि दार मिळून ११०० वॅट, एकटा पत्रा ९७५. शिवाय दाराखालची फट. ती मांजरीसाठी मुद्दाम ठेवलेली! त्या वाऱ्याचे २८०. एकूण २३५० च्या घरात.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) : १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ९००. हीटर चालणार तेवीस मिनिटं.

"माझा विलंबितच अर्ध्या तासाचा आहे," काका म्हणाले.

"बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. तुम्ही धरून चोवीस जणं बसवा, हीटर नकोच."

"अरे, तेवीस श्रोते मिळाले असते तर गच्चीवर कशाला गेलो असतो?"

मग त्यांनी कोळशाची शेगडी काढली. ती मात्र मी हिसकावूनच घेतली. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो. माणूस झोपेतच जातो.

शेवटी पत्र्याखाली दोन इंची थर्मोकोल ठोकला. ९७५ चे ९० वॅट झाले! भिंतींना हात लावू दिला नाही, तिथे गुरूंचे फोटो आहेत. राहिलेल्या थंडीसाठी गाडीच्या सीटवर घालतात ती १२ व्होल्टची गरम गादी आणली, ४५ वॅटची. खोली गारच, पण बैठक ऊबदार.

"एका चार्जिंगवर वीस तास चालेल," मी काकूला अभिमानाने सांगितलं.

"वीस तास?" काकूने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "आणि यांना जेवायला खाली कोण आणणार?"