कापसाच्या दुसऱ्या टोकाची कादंबरी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रोज जुंपते. पुतण्या हिंगणघाटकडच्या कॉलेजात बी.ए.ला आहे आणि प्रकल्पासाठी त्याने एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी घेतली आहे. दादाचं म्हणणं, "इथं कापसाले भाव नाई, अन् हे पोट्टं इंग्रजायच्या कादंबऱ्या वाचत बसते." इतिहास शिकवणाऱ्या आतेभावाची तक्रार वेगळी. कारखान्यांची पहिली शहरं समजून घ्यायची तर अहवाल वाचा, आकडे वाचा, कादंबरी हा काही पुरावा नव्हे. मी मँचेस्टरला राहतो, आणि मला दोघांचंही पटत नाही.

आधी आतेभावाचं. अहवाल वाचायलाच हवेत. इंग्लंडातल्या मजुरांच्या आरोग्यावर एडविन चॅडविक या अधिकाऱ्याने 1842 मध्ये दिलेल्या अहवालात मजूर कुटुंबांतल्या मृत्यूंचं सरासरी वय मँचेस्टरमध्ये 17 आणि शेतीवाडीच्या रटलंड परगण्यात 38 दिलं आहे. हा आकडा वाचून माणूस हादरतो. पण त्या सतरात मोडणारी माणसं दिवसभर काय श्वासात घेत होती, कशासाठी सहन करत होती, ते त्या रकान्यात कुठून येणार? वऱ्हाडातलं दारिद्र्य आतेभावाला स्वतःला उमगलं ते उद्धव शेळक्यांची 'धग' वाचून. जनगणनेचे तक्ते त्याने नंतर पाहिले.

पुतण्याची कादंबरी आहे एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ'. लेखिका मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची बायको, गिरणी कामगारांच्या वस्त्या पाहिलेली. 1854 मध्ये ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यात बेसी नावाची जेमतेम 19 वर्षांची मुलगी आहे. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून तिची छाती गेली आहे. ती सांगते, हवेत पांढरी धूळ भरलेली असते आणि ती फुफ्फुसांना वेढून आवळते. धूळ ओढून घेणारं मोठं चाक काही गिरण्यांत बसवलेलं असतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काहीच नाही, म्हणून बहुतेक मालक ते बसवत नाहीत. आणि पुढे ती म्हणते, काही कामगारांनाच ते चाक नको असतं. धूळ गिळायची सवय झालेली, ती थांबली की भूक लागते, मग मजुरी तरी वाढवा म्हणतात.

हे शेवटचं वाक्य कुठल्या तपासनिसाने लिहिलं असतं?

माझ्या काकूने कितीतरी हंगाम जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात काढले. रेच्यांपुढे कापूस टाकायचा, नाकातोंडाला पदर बांधलेला, तरी संध्याकाळी भुवया पांढऱ्या. घरी आली की आधी गुळाचा खडा तोंडात टाकायची. गुळाने छातीतला कापूस उतरतो, असं सगळ्याच बाया म्हणायच्या. इथे मँचेस्टरात अँकोट्स भागातल्या मरे बंधूंच्या जुन्या गिरण्यांत आता फ्लॅट आहेत. ही कादंबरी इथले लोक प्रेमाने वाचतात, पण पिंजलेल्या कापसाची धूळ त्यांच्यापैकी कोणी नाकातोंडात घेतलेली नसते. बेसीचं दुखणं हिंगणघाटच्या पोराला त्यांच्याहून लवकर कळेल, याबद्दल मला शंका नाही.

कादंबरीत काय नाही, तेही त्यालाच दिसेल. गिरणी आहे, मालक आहे, संप आहे, पण कापूस पिकवणारा माणूस कुठेच नाही. कादंबरी छापायला लागण्याच्या आदल्याच वर्षी, 1853 मध्ये, इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं होतं. तेव्हा लँकेशायरचा, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्याचा, बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या हातचा. 1861 ला तिकडे यादवी पेटली, गिरण्या बंद पडल्या आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जाई. हे सगळं त्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं, आणि ते आपल्याकडच्या कॉलेजांतच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

राहिला दादा. कापसाचा भाव पडतो आणि का पडला ते शेतकऱ्याला कोणी सांगत नाही, हा त्याचा राग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तो खरा आहे. याच कादंबरीच्या पंधराव्या प्रकरणात संप तोंडावर आला आहे. अमेरिकेचं सूत बाजारात उतरलंय, म्हणून मजुरी वाढवणं परवडत नाही, असं गिरणीमालक थॉर्नटन नायिकेच्या घरी आलेला असताना सांगतो. हे कामगारांनाच का सांगत नाही, असं नायिका विचारते. भांडवल आमचं, त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू, कारणं कशाला द्यायची, असं त्याचं उत्तर. पुतण्याने एवढं एक प्रकरण मराठीत करून दादाला वाचून दाखवावं, असं मी त्याला कळवलं आहे. वेचणी आटोपली की दादाला वेळ असतो.