'डबल बोन' नावाचं हाड नसतं

"रॉटवायलर घेताय? ब्रीडर सांगत नाहीत त्या सात गोष्टी" हा मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपांवरून फिरत फिरत आमच्या भाच्याकडे पोचला आणि त्याने तो वाचून पिल्लाचा ॲडव्हान्सही भरून टाकला. वास्तविक या सातही गोष्टी पिल्लं विकणारेच सांगत असतात, कारण त्या त्यांच्याच सोयीच्या आहेत.

मेसेजमध्ये तिसऱ्या नंबरवर असलेला मुद्दा आधी घेतो, कारण कुत्रा जन्मभराचा लंगडा होतो तो त्याने. "डबल बोन पिल्लू हवं असेल तर वर्षभर रोज दोन चमचे कॅल्शियमचं सिरप द्या. पाय वाकडे वाटले तर डोस वाढवा."

डबल बोन, म्हणजे जाडजूड हाडांचं, ही बाजारातली बोली आहे. कुठल्याही व्हेटच्या पुस्तकात असलं हाड सापडणार नाही. हाडांची जाडी आईबापांकडून येते, बाटलीतून नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बरंचसं आत घेतच नाही. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाकडे हा दरवाजाच नसतो. जेवढं घालाल त्याचा मोठा वाटा रक्तात जातो, गरज असो वा नसो. मग शरीर ते हाडात कोंबतं, जुनं हाड झिजवून नवं घडवण्याचं काम मंदावतं आणि वाढीच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचं हाड नीट बनत नाही. खांदा आणि कोपर आधी दुखायला लागतात, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात.

हे माझं मत नाही. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन या अवाढव्य जातीच्या पिल्लांवर हे तपासून १९८५ साली प्रसिद्ध केलं. एका गटाच्या खाण्यात १.१ टक्के कॅल्शियम, दुसऱ्याच्या ३.३ टक्के. हाडांची घडण बिघडली ती दुसऱ्या गटाची. "ग्रेट डेन वेगळा, रॉटवायलर वेगळा" असं कुणी म्हणेलच. म्हणून हेही सांगतो: डॉगफूडची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲफको संस्थेने पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे ३२ किलो किंवा जास्त भरणाऱ्या सगळ्याच कुत्र्यांच्या पिल्लांसाठी वेगळी कमाल मर्यादा घातली आहे, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. इतरांना २.५ चालतं. रॉटवायलरचा नर ५० किलोच्या आसपास जातो, मादी ४२ च्या. हिशोब तुम्हीच करा.

आता "पाय वाकडे वाटले तर डोस वाढवा" हे वाक्य पुन्हा वाचा. जास्त कॅल्शियमने वाकलेल्या पायांवर आणखी कॅल्शियम! पाय कमी कॅल्शियमनेही वाकतात, जास्तीनेही, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून आधी पिल्लू काय खातंय ते लिहून काढायचं, मग एक्स-रे.

यात अर्ध सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. पिल्लू पोळी-दूध किंवा भात-चिकनवर असेल तर त्याला कॅल्शियम खरंच कमी पडतं. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. तिथे भर घालावीच लागते, पण मोजून: खाण्यातल्या दर १००० कॅलरीमागे सगळं मिळून ३ ते ४.५ ग्रॅम कॅल्शियम. अंड्याच्या कवचाच्या ५ ग्रॅम पावडरीत जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं, त्यावरून अंदाज येईल. पाकिटावर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं लिहिलेलं संपूर्ण खाद्य देत असाल तर वरून एक थेंबही नको. आणि पिल्लू गुबगुबीत ठेवू नका. बरगड्या दिसू नयेत, पण बोट फिरवलं की हलक्या दाबाने लागल्या पाहिजेत.

दुसरा घातक मुद्दा: "पहिले सहा महिने साखळीला बांधा, बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका, मग राखण कडक करतो. मूळचा फायटर कुत्रा आहे."

फायटर वगैरे काही नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा आणि गुरांच्या व्यापाऱ्यांचा हा कुत्रा. गुरं हाकायची, गाडी ओढायची ही त्याची कामं. १९१० साली तिथे तो पोलीसकामासाठी अधिकृत झाला. गुरं हाकायची सवय आजही दिसते: तो अंगाने ढकलतो, टेकतो, ढुशी देतो. त्याच्या मनात काही नसतं, पण तीन वर्षांचं पोर किंवा काठी टेकणारे आजोबा पडतात. घरात कोण कोण आहे याचा विचार पिल्लू आणण्याआधी करायचा तो यासाठी.

राखण त्याच्या रक्तात आहे, ती शिकवावी लागत नाही. साधारण एक ते दोन वर्षांच्या वयात आपोआप वर येते. त्याला शिकवावं लागतं ते साधं माणूस कोणतं हे. ते शिकायचं वय तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्यापर्यंत. या काळात गॅसवाला, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री, सायकल, रडणारं मूल हे सगळं त्याने शांतपणे पाहिलं पाहिजे. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून घरात कोंडायचं नाही. कडेवर घेऊन फिरवायचं, फक्त भटकी कुत्री बसतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही. साखळीला वाढलेला कुत्रा राखणदार होत नाही, घाबरट होतो. आणि घाबरलेला ५० किलोचा कुत्रा चावतो तेव्हा चोर की पाहुणा हे बघत नाही. चावल्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकाला लागू शकतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मेसेज लिहिणाऱ्याला नाही.

"पिल्लू ३५ दिवसांचं घ्या, जास्त लळा लागतो." लळा तुम्हाला लागतो. वाचतं ते विकणाऱ्याचं तीन आठवड्यांचं खाणं आणि पहिली लस. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू याच दिवसांत भावंडांशी खेळताना शिकतं. केंद्राच्या २०१७ च्या प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पार्वो म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणू, त्याची लसही एकदा टोचून भागत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस निकामी करू शकते, म्हणून १६ आठवडे किंवा त्यापुढे शेवटचा डोस हवाच, आणि पार्वो रॉटवायलरला जास्त छळतो.

"केसीआय पेपर आहेत म्हणजे निरोगी." तो केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद आहे. खुबा आणि कोपर कसे आहेत हे एक्स-रे सांगतो, आणि तोही आईबाप दोघांचा, किमान वर्षभराचे झाल्यावर काढलेला. हृदयाची तपासणीही विचारा. या जातीत महाधमनीच्या तोंडाशी अरुंदपणा आढळतो.

"दिवसातून एकदाच भरपेट." नको. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळतं. कोरड्या ओकाऱ्या, लाळ, ताठ पोट दिसलं की तासाभरात ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. पूर्ण वाढलेल्या रॉटवायलरला दिवसाला साधारण अर्धा किलो कोरडं खाद्य, दोन वेळांत विभागून, आणि जेवल्यावर पळापळ नाही.

"आपल्या हवेत आरामात राहतो." सेंट बर्नार्डपेक्षा बरा, एवढंच. काळा रंग, विदर्भातला मे महिना आणि गच्चीवर पत्र्याचं घर, हे जमत नाही. फिरवणं पहाटे आणि रात्रीच.

"बंदी उठली, आता काही लागत नाही." केंद्राने १२ मार्च २०२४ ला रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, हे खरं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस त्याने रद्द झालेली नाही.

भाच्याला एवढंच सांगितलंय: विकणाऱ्याकडे आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे माग आणि आईला समोर बघू दे म्हण. "आई गावाला आहे" असं उत्तर आलं तर ॲडव्हान्स सोडून दे.