बाहुलीला मुरुमांची क्रीम

खेळण्यांच्या दुकानात गेली तीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलो आहे, "मुलीसाठी हवी आहे." सुरुवातीला ते खरंच होतं. पुढे मुलगी दहावी झाली, नोकरीला लागली, लग्न करून ह्यूस्टनला गेली, तरी मी बाहुल्या मुलीसाठीच घेत राहिलो. एकदा काउंटरवरच्या पोरानं खोकं गुंडाळता गुंडाळता विचारलं, "किती वर्षांची आहे, काका?" मी तंद्रीत "चौतीस" म्हणून मोकळा झालो. पोरानं गुलाबी कागद तोच ठेवला, पण सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले.

माझ्या कपाटात आजमितीला एकशे बारा बाहुल्या आहेत आणि सगळ्या खोक्यात. बाहुल्या जमवणाऱ्यांत दोन पंथ असतात, खोकं उघडणारे आणि न उघडणारे. मी दुसऱ्या पंथातला, तोही कडवा. कारखान्यातून निघाल्यापासून खोक्याबाहेर न आलेल्या बाहुलीला आमच्यात 'एनआरएफबी' म्हणतात. बायकोनं त्याचा विस्तार 'नवऱ्याला रिकामपण फार, बाई' असा केला आहे आणि तो तिच्या भिशीत रूढ झाला आहे.

त्यात सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. तेव्हापासून माझा छंद नातेवाइकांच्या बॅगेत किती किलो जागा उरली यावर चालतो. या मे महिन्यात लेक आली, तिच्या बॅगेत एक बाहुली होती. मी नेहमीप्रमाणे खोकं उजेडात धरून कोपरे तपासू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, ही ठेवायची नाहीये. ही उघडायची आहे."

हा प्रकार मी ऐकून होतो. बाहुली येते कोऱ्या पांढऱ्या झग्यात. सोबत सहा रंगांची पेनं, स्टेन्सिलचा कागद, चमकी, चिकटवायच्या टिकल्या. फॅशन डिझायनर आपण व्हायचं. म्हणजे उघडली नाही तर ती बाहुलीच नाही, आणि उघडली तर संग्रहाच्या दृष्टीनं ती बाहुली उरत नाही. असा पेच मला बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतही कधी पडला नव्हता.

पण ओवी, माझी सहा वर्षांची नात, कात्री घेऊन समोर उभी होती.

उघडायला चाळीस मिनिटं लागली. मनगटांना तारेचे पीळ, कमरेला रबर, आणि डोक्याच्या मागून आरपार प्लॅस्टिकचे दोन खिळे, शर्टाच्या लेबलला असतात तसे. ते कापताना केस कापले जाऊ नयेत म्हणून मी श्वास रोखला होता. ओवीनं विचारलं, "आबा, तिला दुखतंय का?" दुखत मलाच होतं.

आता बाहुलीबद्दल संग्राहक म्हणून चार शब्द. उंची साडेअकरा इंच, प्रमाण एकास सहा. चेहऱ्याची छपाई सुबक, पापण्या स्वच्छ. केस मात्र कंजूषपणे लावलेले. भांग पाडला की टाळूवर पेरणीच्या तासांसारख्या ओळी दिसतात. उजवा हात कोपरात कायमचा वाकलेला, रिक्षाला हात केल्यासारखा. टाचा सदैव वर, फळीवरचा डबा काढत असल्यासारख्या. त्यामुळे ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, आणि स्टँड खोक्यात नाही. आम्ही तिला गोडेतेलाच्या डब्याला टेकवलं. अर्ध्या तासात डाव्या पायातला बूट फ्रिजखाली गेला. तो अजून तिथेच आहे.

तसं पाहिलं तर या बाईचं घराणंच कात्री-कागदाचं. रूथ हँडलर यांनी आपल्या मुलीला, बार्बराला, कागदी बाहुल्यांना कागदी कपडे चढवताना पाहिलं आणि त्यातून १९५९ मध्ये बार्बी आली. त्याहून जुनी तर आमच्या आजीची चिंध्यांची बाहुली. जुन्या लुगड्याच्या काठाचं परकर-पोलकं आणि काजळाचे डोळे. पावसाळ्यात डोळे ओघळले की आजी नवे काढायची, आणि दर वेळी बहिणीची बाहुली वेगळ्याच कुणासारखी दिसायची. एका वर्षी ती हुबेहूब आमच्या तलाठ्यासारखी दिसत होती. पेनांचा संच लागत नव्हता.

खोक्यावरच्या फोटोतला झगा ज्यानं रंगवला तो जेजेमधून पहिला आलेला असणार. मी एक जांभळं फूल काढलं. शाई कापडाच्या धाग्याधाग्यानं पसरत गेली आणि फुलाचं भरीत झालं. ओवी म्हणाली, "आबा, हा ढग आहे का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग पाऊस काढूया," आणि तिनं निळं पेन असं काही दाबलं की मुंबईच्या २६ जुलैची आठवण झाली.

सूचनांचा कागद आम्ही नंतर वाचला. पहिल्याच चित्रात दाखवलं होतं की झगा बाहुलीच्या अंगातून काढून, आत पुठ्ठा घालून मग रंगवावा. आमचा पाऊस झग्यातून थेट डाव्या पायावर पडला होता. कंपनीला मी दोष देत नाही. खोक्यावर 'वय ६ पेक्षा जास्त' असं स्पष्ट लिहिलं होतं. बासष्टचं काय, ते लिहिलं नव्हतं.

पेनं धुतली जाणारी होती. झगा एका पाण्यात पांढराशुभ्र झाला, ढग, पाऊस सगळं गेलं. पाय मात्र निळा. कापड शाई सोडतं, मऊ व्हिनाइल ती पिऊन बसतं. साबण झाला, टूथपेस्ट झाली. बायको नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन आली तेव्हा मी किंचाळलो. ॲसिटोनचं बोट लागलं तर चेहऱ्यावरची छपाई जाते आणि कडक प्लॅस्टिक विरघळायला लागतं. यावर उपाय एकच, आणि तो आमच्या पंथात सगळ्यांना ठाऊक आहे. बेन्झॉयल पेरॉक्साइडची मुरुमांवरची क्रीम डागावर थापायची, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा गुंडाळायचा आणि ऊन द्यायचं.

केमिस्टनं माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "काका, कुणासाठी?"

तोंडात बसलेलं वाक्य निघून गेलं. "मुलीसाठी."

"रात्री थोडीच लावायला सांगा. उन्हात जायचं नाही म्हणावं."

म्हणून मग ती दहा दिवस सकाळी नऊ ते चार बाल्कनीत उन्हात पडून होती, डाव्या पायाला क्रीम आणि पापुद्रा, उजवा हात रिक्षाला. समोरच्या इमारतीतल्या वहिनींनी तिसऱ्या दिवशी बायकोला फोन करून "भाऊजी बरे आहेत ना?" असं विचारलं. अकराव्या दिवशी पापुद्रा काढला. निळा डाग गेला होता. त्याच्याबरोबर पायाचा मूळ रंगही थोडा गेला होता, त्यामुळे गुडघ्यापर्यंत एकच पांढरा मोजा घातल्यासारखं दिसतं. ओवीनं ते डिझाइन म्हणून मंजूर केलं.

त्या दोघी गेल्यावर मी कपाट लावायला घेतलं. वरच्या फळीवर माझी सर्वांत जुनी, साडीतली, नथ घातलेली बाहुली असते. तिच्या खोक्याच्या पारदर्शक खिडकीवर निळ्या पेनानं ठसठशीत मिशी काढलेली होती. आतली बाहुली कोरी, खोकं बंद. म्हणजे नियमात बसतं. पेन धुतलं जाणारं, समोर गुळगुळीत प्लॅस्टिक, एक ओलं फडकं पुरे. मी फडकं पिळून आणलंसुद्धा.

गंमत म्हणजे कपाटासमोर उभं राहिलं की ती मिशी नथीच्या बाजूला भलतीकडेच दिसते. "तिथून नाही हो," बायको सोफ्यावरून म्हणाली, "इकडे बसून बघा. बरोब्बर ओठावर येते. अगदी तुमच्या लग्नातल्या फोटोसारखी."

मी जाऊन बसलो. कल्ले जरा जास्त झाले आहेत, बाकी हरकत घेण्यासारखं काही नाही.